दंड भरायचा की तुरुंगात जायचं? वर्णभेदविरोधी सत्याग्रहींवरच्या प्रदर्शनासाठी अचूक तपशील हवेत (बडोदा)

रावपुरा_वाचक:
नमस्कार मंडळी. दांडिया बाजार भागातल्या आमच्या वाचनगटाचं प्रदर्शन 14 एप्रिलच्या आठवड्यात लागतंय. विषय आहे अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध शांतपणे निदर्शनं करून तुरुंगात गेलेली माणसं. आठ फलक आहेत, प्रत्येकावर साधारण 120 शब्द, आणि शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी वीस मिनिटांचं एक प्रात्यक्षिक.

रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल सगळीकडे तीच चार वाक्यं सापडतात. मुलं विचारणार ते वेगळंच. दंड भरून सुटता येत होतं तर ही माणसं आत का राहिली? त्यांच्यावर नेमका आरोप काय ठेवत असत? तुरुंग भरायचा डाव कुठे फसला आणि का? आकडे आणि तारखा खात्रीच्या हव्यात. प्रात्यक्षिक कसं बसवावं तेही सांगा.

कमाटीबाग:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर पैशात आहे, म्हणून एक अख्खा फलक हिशोबाला द्या.

अटक झाली की जामिनाची रक्कम कोर्टात अडकते. खटला, अपील, वरचं अपील असं चालू राहिलं तर ती वर्ष-दोन वर्षं परत येत नाही. दंड भरला तर तो थेट नगरपालिकेच्या तिजोरीत जातो, म्हणजे भेद पाळणाऱ्या व्यवस्थेलाच निदर्शकांचा पैसा मिळतो. दंड नाकारून आत राहिलं की खर्च उलट्या बाजूला पडतो. कैद्याला जेवण, जागा, पहारा हे सगळं सरकारला द्यावं लागतं.

फलकावर साऊथ कॅरोलिनातल्या रॉक हिल गावाचं उदाहरण घ्या. 31 जानेवारी 1961 ला मॅक्रोरीज या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर दहा काळे तरुण बसले. बहुतेक फ्रेंडशिप ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी, आणि सोबत वर्णसमतेसाठी झटणाऱ्या कोर या संघटनेचे थॉमस गेदर. दुसऱ्याच दिवशी शिक्षा झाली: 100 डॉलर दंड किंवा 30 दिवस सक्तमजुरी. एकाने दंड भरला, कारण खेळाची शिष्यवृत्ती जाण्याची भीती होती. त्याला फलकावर भित्रा ठरवू नका. उरलेले नऊ जण मजुरीला गेले, म्हणजे 900 डॉलर सरकारला मिळाले नाहीत आणि नऊ माणसांचा महिनाभराचा खर्च मात्र सरकारवर पडला. काही दिवसांतच डायन नॅश, रुबी डोरिस स्मिथ, चार्ल्स शेरॉड आणि चार्ल्स जोन्स हे चौघं बाहेरून तिथे येऊन बसले आणि त्यांनीही 30 दिवसांची शिक्षा पत्करली.

हे नऊ जण ‘पहिले’ असं मात्र लिहू नका. फ्लोरिडातल्या टॅलाहासीमध्ये 1960 साली पॅट्रिशिया स्टीफन्स आणि तिच्या सोबत्यांना 300 डॉलर दंड किंवा 60 दिवस अशी शिक्षा झाली होती. त्यांतल्या पाच जणांनी दंड नाकारून 49 दिवस तुरुंगात काढले.

डॉलरचे आजचे रुपये करत बसू नका, मुलांना त्यातून काही कळत नाही. 1960 मध्ये अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन तासाला 1 डॉलर होतं. म्हणजे 100 डॉलर दंड झाला 100 तासांची मजुरी, आणि शेतमजूर व घरकाम करणाऱ्या बायकांना तर त्या किमान वेतनाचंही संरक्षण नव्हतं.

कोर्टाचा_कागद:
आरोपांबद्दल. हा भाग बहुतेक प्रदर्शनांत चुकतो.

बसमध्ये वेगळं बसवणं हा अलाबामात कायदाच होता. खाण्याच्या काउंटरवर मात्र बहुतेक ठिकाणी दुकानदाराचा नियम पुढे केला जाई. दुकानदार म्हणे ‘उठा’, माणूस उठला नाही की आगळीक, म्हणजे परक्या जागेत बेकायदा थांबल्याचा गुन्हा. पोलिसांच्या कागदात ‘काळा माणूस गोऱ्यांच्या जागेवर बसला’ असं येतच नसे. तिथे येत असे आगळीक, शांतताभंग, बेशिस्त वर्तन, परवान्याशिवाय मिरवणूक. कागद वरवर रंगाबद्दल गप्प असल्यामुळे वरच्या कोर्टात लढणं अवघड व्हायचं.

1961 च्या फ्रीडम राइड्समध्ये, म्हणजे भेद मोडायला काढलेल्या बसप्रवासांत, हे अगदी स्पष्ट दिसतं. डिसेंबर 1960 मध्ये सुप्रीम कोर्टाने बॉइंटन खटल्यात ठरवलं होतं की आंतरराज्य बसच्या प्रवाशांना स्थानकावरच्या उपाहारगृहातही रंगावरून वेगळं काढता येणार नाही. तो निकाल पाळला जातो का हे पाहायला 4 मे 1961 ला तेरा जण दोन बसनी वॉशिंग्टनहून निघाले, त्यांत काळे आणि गोरे दोन्ही. 14 मे रोजी अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनजवळ एक बस जाळण्यात आली. नव्या दमाचे प्रवासी 24 मे रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सनला पोचले, तेव्हा तिथल्या पोलिसांनी मारहाण होऊ दिली नाही आणि वर्णभेदाच्या कायद्याचं नावही घेतलं नाही. ‘पुढे चला’ असा हुकूम दिला, तो मोडला म्हणून शांतताभंगाखाली सरळ अटक. उन्हाळा संपेपर्यंत जॅक्सनमध्ये 300 हून अधिक जण पकडले गेले. अनेकांची रवानगी पार्चमनच्या राज्य तुरुंगात झाली. तिथे गाणी थांबवायला त्यांच्या गाद्या काढून नेल्या जात.

इथे एक आकडा नक्की लिहा: 39 दिवस. मिसिसिपीत शिक्षेनंतर 40 दिवसांत अपील दाखल केलं नाही तर हक्क जात असे. म्हणून ठरलं की 39 दिवस आत राहायचं, तुरुंगावर भार टाकायचा आणि मुदत संपायच्या आत माणशी 500 डॉलरच्या अपील-जामिनावर बाहेर यायचं. अशाने दंड नाकारणंही साधतं आणि खटलाही जिवंत राहतो. त्यावर सरकारने प्रतिडाव टाकला. ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकदमच जॅक्सनला हजर राहायला सांगितलं, म्हणजे देशभरातून येण्याचा खर्च आला, आणि न येणाऱ्याचा जामीन जप्त. पुढे जामिनाची रक्कम 1,500 डॉलर केली. 300 माणसांना 500 प्रमाणे 1,50,000 डॉलर होतात आणि 1,500 प्रमाणे 4,50,000. कोरसारखी संघटना या ओझ्याने वाकली.

तरी काम झालं. 22 सप्टेंबर 1961 ला आंतरराज्य वाहतूक आयोगाने स्पष्ट नियम काढला आणि 1 नोव्हेंबरपासून स्थानकांवरच्या वेगळ्या पाट्या उतरवणं बंधनकारक झालं. त्या शांतताभंगाच्या शिक्षा मात्र सुप्रीम कोर्टाने उलटवल्या 1965 मध्ये.

रावपुरा_वाचक:
मनापासून आभार. एक शंका आहे. रॉक हिलच्या नऊ जणांची शिक्षा 2015 मध्ये रद्द झाली असं वाचलं. 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर ती आपोआप का नाही गेली?

कोर्टाचा_कागद:
कारण त्यांनी शिक्षा भोगून संपवली होती. उपाहारगृहांत रंगावरून भेद करायला बंदी घालणाऱ्या त्या कायद्यावर 2 जुलै 1964 ला सही झाली. त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की काउंटरवर बसल्याचे जे खटले अजून अपिलात आहेत ते या कायद्यामुळे संपले. त्या निकालाच्या नावातही रॉक हिलच आहे, पण तो त्याच गावातल्या 1960 च्या दुसऱ्या निदर्शनाचा खटला. नऊ जणांनी अपील न करता महिना काढलेला, त्यामुळे संपवायला काही प्रलंबितच नव्हतं आणि गुन्ह्याची नोंद 54 वर्षं राहिली. 28 जानेवारी 2015 ला त्याच गावात न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केल्या, आणि ते न्यायाधीश 1961 मध्ये शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांचे पुतणे होते. दंड नाकारण्याची ही किंमत हिशोबाच्या फलकावर खाली लिहाच. नोकरीच्या अर्जातल्या ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात या माणसांना उत्तर द्यावं लागत होतं.

मांडवी_ग्रंथालय:
ताई, ‘कुठे फसलं’ यासाठी ऑल्बनी आणि बर्मिंगहॅम हे दोन फलक शेजारी-शेजारी लावा. एकाशिवाय दुसरा कळत नाही.

ऑल्बनी, जॉर्जिया. डिसेंबर 1961 मध्ये तिथे 700 हून अधिक लोक पकडले गेले. पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी किंगच्या पद्धतीचा आधीच अभ्यास केला होता. त्यांनी शेजारच्या काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) तुरुंग अगोदर बोलून ठेवले आणि कैदी तिकडे पाठवले, म्हणजे गावचा तुरुंग कधी भरतच नव्हता. कॅमेऱ्यापुढे लाठी चालवायची नाही अशी ताकीद पोलिसांना होती. जुलै 1962 मध्ये किंग यांना 178 डॉलर दंड किंवा 45 दिवस अशी शिक्षा झाली. त्यांनी तुरुंग निवडला, तर कोणीतरी दंड भरून टाकला आणि त्यांना इच्छेविरुद्ध बाहेर काढण्यात आलं! आत राहण्यातलं बळ समोरच्यालाही कळलं होतं. शिवाय मागण्या फार पसरट होत्या. बस, ग्रंथालय, बागा, स्थानकं सगळं एकदम, त्यामुळे नमायला भाग पाडता येईल असा एक नेमका पक्ष समोर राहिला नाही.

अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये हे सुधारलं. 3 एप्रिल 1963 ला मोहीम सुरू झाली ती मध्यवस्तीतल्या दुकानांवर रोख ठेवून, ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत. प्रत्येक स्वयंसेवकाकडून अहिंसेच्या प्रतिज्ञेवर सही घेतली जाई, आणि ज्याला मार सोसवणार नाही त्याला फोन, निरोप, टायपिंग अशी कामं. तरीही पहिल्या दहा दिवसांत जामिनाचा पैसा संपला. 12 एप्रिलला, गुड फ्रायडेला, किंग स्वतः अटक करवून घेतात तो निर्णय या पार्श्वभूमीवरचा आहे. बाहेर राहून पैसा उभा करावा की आत जावं, असा पेच होता. ते आत गेले. आठ गोऱ्या धर्मगुरूंच्या निवेदनाला उत्तर म्हणून वर्तमानपत्राच्या कडांवर सुरू केलेलं ते प्रसिद्ध पत्र याच कोठडीतलं, तारीख 16 एप्रिल. 20 तारखेला ते जामिनावर सुटले. पैसे उभे करण्यात गायक हॅरी बेलाफोन्टे यांचा मोठा वाटा होता.

मोठ्या माणसांना नोकरी जाण्याची भीती होती, म्हणून 2 मे पासून शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. तुरुंग भरले, मुलांना जत्रेच्या मैदानावर कोंडावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचे जोरदार फवारे आणि कुत्रे सोडले गेले, ते जगाने पाहिलं, आणि 10 मे रोजी समझोता जाहीर झाला. मुलांना पुढे करण्यावर तेव्हाही कडक टीका झाली होती. ती फलकावर असू द्या, बघायला येणारे आईबाप तेच विचारतील.

अजून एक बारकावा. बर्मिंगहॅममध्ये किंग यांनी मिरवणुकीचा परवाना-नियम तर मोडलाच, शिवाय कोर्टाचा मनाई हुकूमही मोडला. या दोन्हींचं पुढे वेगळं झालं. परवान्याचा नियम सुप्रीम कोर्टाने 1969 मध्ये घटनाबाह्य ठरवला. पण मनाई हुकूम चुकीचा असला तरी आधी कोर्टात जाऊन तो रद्द करून घ्यायला हवा होता, असं सांगत 1967 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी अवमानाची शिक्षा कायम राहिली. त्यापायी किंग त्या वर्षी पुन्हा बर्मिंगहॅमच्या तुरुंगात गेले.

नागपूरहून_बडोद्यात:
प्रात्यक्षिकासाठी टेनेसीतल्या नॅशव्हिलचा नमुना घ्या. तिथले शिक्षक जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन ते आधीच तुरुंग पाहून आले होते, आणि 1953 ते 1956 आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये होते. गांधींच्या पद्धतीचा अभ्यास त्यांनी तिथे केला. 1959 पासून नॅशव्हिलच्या एका चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. त्या वर्गांत खोटा काउंटर मांडत, निम्मे बसणारे, निम्मे छळणारे, आणि मग भूमिका बदलत. 27 फेब्रुवारी 1960 ला बसलेल्यांना मार पडला आणि अटकही त्यांनाच झाली. एक तुकडी उचलली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. सुमारे 80 जण आत गेले. 50 डॉलर दंड झाला, तो नाकारला म्हणून 33 दिवसांची मजुरी. 10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.

तुमची वीस मिनिटं अशी वाटा. चार स्टुलं एका ओळीत, समोर लांब टेबल. चार बसणारे, चार हिणवणारे, एक मालक, एक पोलीस, तुकडीचा एक प्रमुख, आणि घड्याळ लावून टिपणं घेणारा एक. पहिली तीन मिनिटं नियम सांगायला: तोंड समोर, पाठ ताठ, उलट मारायचं नाही, उलट बोलायचं नाही, हसायचं नाही, वाट अडवायची नाही, प्रमुखाच्या खुणेशिवाय उठायचं नाही. हे नियम तिथल्या विद्यार्थ्यांनी छापून वाटलेल्या पत्रकातलेच आहेत. मग चार मिनिटांचा एक फेरा, भूमिका बदलून आणखी चार मिनिटं. तीन मिनिटं कोर्टाला: न्यायाधीश ‘50 डॉलर किंवा 33 दिवस’ म्हणेल आणि प्रत्येकाने निवड व कारण एका वाक्यात सांगायचं. उरलेली सहा मिनिटं बोलण्यासाठी ठेवा, ती कापू नका.

बिघडतं ते दोन ठिकाणी. हिणवणाऱ्या मुलांना चेव चढतो, म्हणून वाक्यं आधी लिहून द्या: ‘उठ, इथे तुला वाढणार नाही’ इतपतच. रंग, जात, धर्म यांवरचा शब्द नाही, अंगाला हात नाही, फार तर स्टूल हलवायचं. ‘थांबा’ म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबेल हे आधी ठरवा. दुसरं म्हणजे बसणारी मुलं हसतात. हसू दाबायला सांगण्यापेक्षा समोरच्या भिंतीवर एक खूण चिकटवा आणि नजर तिथे ठेवायला सांगा.

सयाजीगंज_कट्टा:
एक फलक मोकळा असेल तर तो दक्षिण आफ्रिकेला द्या, कारण तिथे गुजरातची माणसं आहेत. नवसारीजवळच्या मटवाडचे नाना सीता प्रिटोरियात राहत. 1946 च्या डर्बनच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि 26 जून 1952 ला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते वॉल्टर सिसुलू यांच्याबरोबर पुन्हा. त्या 1952 च्या मोहिमेत 8,000 हून अधिक लोकांनी ‘फक्त युरोपियनांसाठी’ असलेल्या दारांतून आत जाऊन किंवा काळ्यांनी सोबत बाळगायच्या पासचा नियम मोडून अटक करवून घेतली. स्वयंसेवकांची तुकडी निघण्याआधी अधिकाऱ्यांना लेखी कळवण्याची रीत होती. 1953 मध्ये सरकारने निषेध म्हणून कायदा मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 300 पौंडांपर्यंत दंड आणि फटके अशी तरतूद केली. एवढी जबर शिक्षा आल्यावर हजारोंनी तुरुंग पत्करणं तिथे पुढे चालू राहू शकलं नाही. नाना सीता मात्र साठच्या दशकातही वस्ती-विभागणीच्या कायद्याखाली स्वतःचं घर सोडायला नकार देऊन पुन्हा पुन्हा आत गेले.

रावपुरा_वाचक:
दक्षिण आफ्रिका आठव्या फलकावर घेते. रोझा पार्क्सच्या फलकावर काय बदलू?

कोर्टाचा_कागद:
‘तुरुंगवास भोगला’ हे काढा. माँटगोमेरीत बसमधली जागा न सोडल्याबद्दल 1 डिसेंबर 1955 ला अटक, त्याच संध्याकाळी जामीन, नंतर 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर कोर्टखर्च. बसमधला भेद ज्या खटल्याने संपला त्यात त्या वादी नव्हत्या. तिथे ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, सूझी मॅक्डोनाल्ड आणि मेरी लुईस स्मिथ या चौघी होत्या, आणि सुप्रीम कोर्टाचा शिक्का 13 नोव्हेंबर 1956 चा. चौघींची नावं मोठ्या अक्षरात घ्या. पार्क्स यांच्या बोटांचे ठसे घेतानाच्या प्रसिद्ध फोटोखाली फेब्रुवारी 1956 ची सामूहिक अटक लिहा. माँटगोमेरीत बसवर घातलेल्या बहिष्काराबद्दल 1921 च्या बहिष्कारबंदी कायद्याखाली 89 जणांवर आरोप ठेवले गेले, आणि त्यांतले कितीतरी जण पोलीस घरी यायच्या आत स्वतः चालत शेरीफच्या कचेरीत गेले.