सीएनसी मशीन नेटला जोडून जॉबवर्कवाल्याला खरंच काय मिळतं?

टर्निंगवाला_गोकुळशिरगाव
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सहा सीएनसी टर्निंग मशीन (प्रोग्रामवर चालणारे लेथ), त्यातल्या चार जुन्या. गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क करतो. मागच्या ऑडिटला ग्राहकाच्या माणसानं मशीन बंद राहिल्याचा डेटा मागितला. आमच्याकडं सुपरवायझरची वही. आता एक कंपनी सगळ्या मशीन जोडून मोबाईलवर डॅशबोर्ड देतो म्हणतेय, दरमहा भाडं वेगळं. शेजारचं युनिट पीसमागं आमच्यापेक्षा कमी दर देऊन काम उचलतंय. डेटा असला तर आम्ही त्यांच्यापुढं टिकू का?

शॉपफ्लोअर_भोसरी
टिकाल, पण आधी दराचं बघा.

समजा प्रोग्रामप्रमाणे सायकल टाइम ३ मिनिटं २० सेकंद आणि पीस लावायला-काढायला ४० सेकंद. म्हणजे तासाला १५ पीस. मशीन अवर रेट ४०० धरला तर पीस सुमारे २७ रुपयांना पडतो आणि आपण त्यावरच कोटेशन देतो. पण शिफ्टच्या साडेसात कामाच्या तासांत ११२ ऐवजी ८४ पीस निघत असतील, तर तोच पीस सुमारे ३६ ला पडतोय. हे ९ रुपये वहीत कुठंच दिसत नाहीत. सुपरवायझर शिफ्ट सुटताना आठवून लिहितो, आणि त्याला 'सेटिंग, १ तास' एवढंच आठवतं.

मशीन जोडल्यावर दोन-चार मिनिटांचे थांबे दिसायला लागतात, आणि खरा पैसा तिथं जातो. आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळ फर्स्ट पीस अप्रूव्हलला जात होता. सेटरनं जॉब लावून पहिला पीस काढलाय, आणि क्वालिटीचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये. त्याखालोखाल एअर गेज, म्हणजे हवेनं पीसचं माप तपासायचं साधन. तीन मशीनमध्ये एकच, त्यामुळं इन्सर्ट (टूलचं बदलायचं कापणारं टोक) बदलला की ऑपरेटर गेज मोकळा व्हायची वाट बघत उभा. आम्ही दुसरा गेज घेतला आणि क्वालिटीचं टेबल मशीनजवळ आणलं. नवीन मशीन घ्यायचं चाललं होतं, ते त्यामुळं पुढं ढकलता आलं.

तुमच्या शेजाऱ्याचे थांबे कमी असतील, किंवा तो तोट्यात दर देत असेल आणि त्याला ते कळलेलं नसेल. आकडा हातात असला की कुठलं काम हातचं सोडायचं हेही ठरवता येतं. छोट्या लॉटच्या, सारखं सेटिंग मागणाऱ्या कामाला आम्ही दर वाढवून मागितला. काही कामं गेली, ती जाऊ दिली.

विकणारे तुम्हाला ८५ टक्के ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, सांगतील. तो आकडा जपानच्या सेइची नाकाजिमांच्या टीपीएम या मशीन देखभालीच्या पद्धतीतला आहे: ९० टक्के उपलब्धता, ९५ टक्के वेग आणि ९९ टक्के गुणवत्ता यांचा गुणाकार. रोज जॉब बदलणाऱ्या युनिटनं त्याच्यामागं धावू नये. स्वतःच्या गेल्या महिन्याशी तुलना करा.

सर्किट_नाशिक
सहाही मशीन एकदम जोडू नका. जिच्यापुढे माल साचतो, तिच्यापासून सुरुवात करा. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरला इथरनेट पोर्ट असेल तर फोकास या त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम नंबर, पीस काउंट, अलार्म हे सगळं मिळतं. जुन्या मशीनला टॉवर लॅम्पचा (मशीनवरच्या रंगीत दिव्यांचा) २४ व्होल्टचा सिग्नल ऑप्टोकपलरमधून घ्या, म्हणजे दोन्हीकडच्या वायरिंगचा थेट संबंध येत नाही, शिवाय मेन केबलवर करंट मोजणारा सीटी बसवा. मशीन चालू, रिकामी की बंद, एवढं नक्की कळतं, आणि पहिल्या टप्प्याला ते पुरतं. वॉरंटीतल्या मशीनचं पॅनेल मात्र मेकरला विचारल्याशिवाय उघडू नका.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. नेट गेलं तरी नोंद जागेवर साठली पाहिजे, आणि भाडं बंद केल्यावर जुना सगळा डेटा तुम्हाला फाइलमध्ये मिळाला पाहिजे. कुठल्या पार्टचे किती पीस कधी निघाले, ही तुमच्या धंद्याची नाडी आहे. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर अडकून राहता कामा नये.

सेटर_सातपूर
मशीनवर उभं राहणाऱ्यांच्या बाजूनं सांगतो. हा आकडा पगार कापायला वापरलात तर पोरं हिरवा दिवा चालू ठेवतील आणि टूल हवेत फिरत राहील. स्क्रीनवर मशीन चालू, ट्रॉलीत पीस नाही. मी हे पाहिलंय. आमच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, थांबा कुणामुळं झाला हे विचारणार नाही, कशामुळं ते विचारणार. पहिल्या आठवड्यात आम्ही मागितलेली इन्सर्टची पेटी मशीनशेजारी आली, तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला.

टर्निंगवाला_गोकुळशिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन नंबरच्या मशीनपुढं कायम फोर्जिंगचा (ठोकून घडवलेला) कच्चा माल साचलेला असतो, तिथूनच सुरू करतो. भोसरीचे दादा, एक विचारू? थांब्याचं कारण ऑपरेटर नोंदवणार कसं? हात तेलानं भरलेले असतात.

शॉपफ्लोअर_भोसरी
टचस्क्रीन नको. मोठी पाच बटणं लावा: इन्सर्ट, गेज, माल नाही, सेटिंग, लाइट गेली. 'इतर' असं बटण ठेवू नका, सगळे तेच दाबतात. पाचांत न बसणारा थांबा कोरा राहू द्या, आणि सुपरवायझरनं त्याच शिफ्टमध्ये मशीनपाशी जाऊन विचारावं.