मदत हवी आहे: वापरलेली हातघडणीची सुरी विकायची आहे, पॉलिश करू की आहे तशीच देऊ?

नमस्कार मंडळी,

२०१७ साली एका लोहारकाकांकडून मुद्दाम घडवून घेतलेली फिक्स्ड ब्लेड (न मिटणारी) सुरी विकायची आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद. पातं ५ इंच लांब, सव्वा इंच रुंद, पाठीला ४ मिलिमीटर जाड. फुल टँग आहे, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलंय. मुठीला शिसवाच्या फळ्या, तीन पितळी पिना. चामड्याचं म्यान मी स्वतः शिवलंय. सह्याद्रीतल्या मुक्कामांत चुलीसाठी ढलप्या काढण्यापासून कांदा चिरण्यापर्यंत सगळं हिनं केलं. आता माझ्या अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं वाढलंय, ही जाड मूठ पाच मिनिटंही धरवत नाही. कपाटात पडून राहण्यापेक्षा वापरणाऱ्या हातात जावी असं मनापासून वाटतं. काकांनी भट्टी बंद केली आहे, त्यामुळे अशी दुसरी होणार नाही.

अडचण अशी की ती नवी दिसत नाही. पात्यावर कांद्या-लिंबाची निळसर करडी झाक आहे, ती मला आवडते. पण एका पावसाळ्यात मी ती म्यानातच ठेवून गावी गेलो. चामडं ओल धरतं हे माहीत असूनही केलं. परत आलो तेव्हा मुठीजवळ तांबेरा धरला होता. तो घासून काढला, पण मोहरीएवढे तीन खड्डे राहिलेच. मुलुंडच्या दमट हवेत तेव्हापासून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवतो.

दुसरं म्हणजे झीज. म्यान शिवताना खाकी कागदावर सुरीची आकृती काढली होती, ती परवा सापडली. सुरी त्यावर ठेवली तर धारेच्या बाजूनं जवळजवळ दोन मिलिमीटर कागद मोकळा दिसतो. इतकी वर्षं दगडावर लावून एवढं पोलाद गेलं. धार अजून उत्तम लागते, पण धारेमागची जाडी वाढली आहे.

हे सगळं इतकं सांगतोय कारण एकदा मी जुनी सुरी घेतली होती आणि विकणाऱ्यानं एकाच बाजूचे फोटो पाठवले होते. घरी येऊन पाहतो तर दुसऱ्या बाजूला पिनेपासून निघालेली भेग. तसं मला कुणाशी करायचं नाही. म्हणून विचारतो: बफिंग करून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, चकचकीत करावी का? खड्डे फोटोत येतच नाहीत, कसे दाखवू? ४,५०० रुपयांना घडवली होती, आता किती सांगणं योग्य?

आणि द्यायची कशी? शस्त्र नियम २०१६ मधली ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा वाचली आहे, माझी त्यात बसते. पण मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्यांचाही उल्लेख असतो. लोकलनं दादरला घेऊन जायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

दादा, बफिंगच्या वाटेला जाऊ नका. चाकावर धार क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. धारेवर निळा रंग आला की तेवढा भाग मऊ पडला समजा. शिवाय ती झाक गेली तर घेणाऱ्याला वाटेल काहीतरी लपवलंय.

फोटोसाठी सकाळी खिडकीजवळ बसा, पातं तिरपं धरा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. खड्ड्यांची सावली पडते, मग ते दिसतात. धारही उजेडाकडे करून बघा. चांगल्या धारेवरून प्रकाश परत येत नाही, जिथे चमकेल तिथे ती बोथट आहे. खाकी कागदावर सुरी ठेवून एक फोटो टाकाच, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. मी घेणारा असतो तर त्या एका फोटोवर विश्वास ठेवला असता.

द्यायचं म्हणाल तर त्या दिवशी कुठला आदेश लागू आहे ते आधी पोलीस ठाण्यात विचारा. स्टेशनवर किंवा मॉलमध्ये भेटू नका. घेणाऱ्याला घरी बोलवा, तो सज्ञान आहे याची खात्री करा. कुरिअरनं पाठवणार असाल तर आत काय आहे ते खरं सांगा, घेत नसतील तर नाद सोडा.

धागाकर्ता

खूप आभार. आज सकाळी उजेडात धार पाहिली. टोकापासून अर्ध्या इंचावर एक ठिपका चमकतोय, आजवर कधी लक्षातच आला नव्हता. दगडावर लावून काढणार होतो, पण अंगठा साथ देत नाही. तसाच फोटोत घेतलाय, खड्डे आणि कागदही. किमतीचं मात्र कुणीतरी सांगा, २,५०० म्हटलं तर जास्त होईल का?