३० दिवस, ९ देश, १४ शहरं: यादीतून काय काढू?

भूगोलबाई_सातारा

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. फळ्यावर आल्प्स काढला की दर वर्षी एक तरी मूल विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलाय का?" मी "नाही रे" म्हणायचे आणि पुढे शिकवायला लागायचे. आता फंडाचे पैसे हातात आलेत. पुढच्या वर्षी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत महिनाभर जायचंच, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आमचे हे ६७ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिन्याला मात्र वेळ लागतो. दोघंही शाकाहारी. इंग्रजी मला बऱ्यापैकी येतं.

आधी ग्रुप टूरची माहितीपत्रकं आणली होती. एकात ऱ्हाइनच्या धबधब्याला ४५ मिनिटं होती, फोटो धरून. वर्गात मी ऱ्हाइनला दोन पूर्ण तासिका द्यायचे. तेव्हाच ठरवलं की आपलं आपणच जायचं.

माझी यादी अशी: अ‍ॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस, कोलोन, फ्रँकफर्ट, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, झुरिक, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. मुलगा म्हणतो, "आई, ही सहल नाही, वेळापत्रक आहे." मलाही ते पटतंय, पण काढू काय? मला खरं बघायचंय ते समुद्रसपाटीखालची जमीन, हिमनदी आणि एखादा ज्वालामुखी. ह्यांना आयफेल टॉवर बघायचाय. एवढं लोखंड जोडलं कसं हे जवळून पाहायचंय. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा, रेल्वेचा पास घ्यावा का आणि खाण्याचं काय करायचं, हेही सांगा.

रुळांवरून

बाई, मी मूळचा कराडचा, ९ वर्षं झाली नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला आहे. यादी वाचली आणि आधी हिशेब मांडला. १४ शहरं म्हणजे १३ वेळा सामान बांधणं. सकाळी १०-११ ला खोली सोडायची आणि नवीन खोली दुपारी ३ ला मिळणार. प्रत्येक मुक्काम बदलताना किमान अर्धा दिवस जातो, म्हणजे साडेसहा दिवस नुसते बॅगा ओढण्यात. काकांच्या गुडघ्याला तर हेच सगळ्यात जड जाईल.

तुम्ही ऱ्हाइनला दोन तासिका द्यायचात ना? मग सहलच ऱ्हाइनच्या काठानं करा. मुखापासून वर.

मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला उतरा, पण मुक्काम रॉटरडॅमला ठेवा. ५ रात्री. तिथली मेट्रो थेट हूक ऑफ हॉलंडच्या समुद्रकाठी जाते. ऱ्हाइनचं बरंचसं पाणी न्यू वॉटरवे कालव्यातून तिथंच समुद्राला मिळतं. त्याच कालव्यावर मास्लांटकेरिंग आहे: वादळात समुद्र अडवणारे दोन अजस्र दरवाजे, १९९७ चे, एकेक २१० मीटर लांब. लोखंडाचं काम बघायला काकांना आयफेलआधीच तिथं न्या. वॉटरबसनं किंडरडाइकला जा. तिथं १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या, पोल्डरमधलं, म्हणजे बंधारे घालून मिळवलेल्या सखल जमिनीतलं, पाणी उपसून वर टाकण्यासाठी बांधलेल्या. आणि शहराला लागूनच न्यूवेरकेर्क गावाजवळ देशातली सगळ्यात खोल जमीन आहे, समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. तिथं बघण्यासारखं काही नाही, गवत आणि गाई. पण बंधाऱ्यावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला घरं खाली दिसतात. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा पाय जरा थबकलेच.

मग कोलोनमार्गे कोब्लेंझ, ४ रात्री. मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते ती इथं. गावाचं नावच लॅटिनमधल्या 'कॉन्फ्लुएन्तेस'वरून आलंय, म्हणजे संगम. तुम्ही कृष्णा-वेण्णेच्या संगम माहुलीजवळच्या, तुम्हाला आणखी काय सांगू! कोब्लेंझच्या वरच्या अंगाला बिंगेनपर्यंत ऱ्हाइनची घळई आहे. सगळा पट्टा ६५ किलोमीटरचा, २००२ पासून जागतिक वारसा यादीत. एक दिवस बोटीनं जा, रेल्वेनं परत या. पुढे माइन्झकडे जाताना डाव्या काठच्या लाइनची गाडी घ्या आणि डावीकडच्या खिडकीत बसा, नदी सतत शेजारून चालते.

तिथून फ्रान्सच्या हद्दीतलं स्ट्रासबुर्ग, ३ रात्री. स्ट्रासबुर्गहून पॅरिस टीजीव्हीनं, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेनं, पावणेदोन तासांवर. पॅरिस ५ रात्री, आणि मग चार तासांत झुरिक. ऱ्हाइनचा धबधबा तिथून जवळ. झुरिक २, इंटरलाकेनजवळचं लाउटरब्रुनेन ५. शेवटी इटली: रोम ४, नेपल्स २. व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि त्यानं गाडलेलं पॉम्पेई नेपल्सहून करा. परतीचं विमान रोमहून घ्या, अ‍ॅमस्टरडॅमला मागे यायचं नाही. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा.

बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, फ्लॉरेन्स सगळं कटाप. पुन्हा कधीतरी डॅन्यूबच्या काठानं जा.

पूर्वेकडचा_वाटसरू

व्हिएन्ना काढायला सांगताय याचं वाईट वाटलं. महिनाभर जाऊन व्हिएन्ना नाही? दिवसभर ट्रॅममधून नुसतं रिंगवर, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रस्त्यावर, फिरलं तरी डोळे भरतात. पॅरिसच्या गर्दीपेक्षा मी तर व्हिएन्नाच ठेवली असती.

रुळांवरून

व्हिएन्ना मलाही आवडते. पण ती या वाटेवर नाही. झुरिकहून जायचे ८ तास, परतीची वाट पुन्हा वेगळी. आयफेल ही काकांची एकमेव मागणी आहे, तिला हात लावायचा नाही.

माधुरी_ठाणे

भूगोलबाई, दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही २६ दिवस गेलो होतो. सगळी कागदपत्रं मीच केली, त्यामुळे व्हिसाचं मी सांगते.

ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. वरच्या आराखड्यात फ्रान्सच्या ८ रात्री होतात, स्वित्झर्लंडच्या ७, इटलीच्या ६, नेदरलँड्सच्या ५. म्हणजे उतरणार अ‍ॅमस्टरडॅमला, पण अर्ज फ्रान्सकडे. दिवस सारखे आले तरच पहिल्या प्रवेशाचा देश लागतो. अर्ज निघायच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आल्यावर नाही. मेमध्ये जाणार असाल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, उन्हाळ्याच्या तारखा भराभर संपतात. फी माणशी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि सगळ्या दिवसांसाठी चालणारा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध हवा. तुम्ही दोघं पेन्शनर, तर पेन्शनचा आदेश, बँकेचं स्टेटमेंट, ठेवींच्या पावत्या, भरत असाल तर रिटर्नही लावा. आणि एक छोटं पत्र साध्या भाषेत लिहा: कोण आहोत, का जातोय, रोज रात्री कुठे राहणार. तुमचं ऱ्हाइनचं कारण त्यात जरूर लिहा. खरं आणि नेमकं कारण वाचणाऱ्याला कळतं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं काहीही बुक करू नका.

आमचं कुठे चुकलं तेही सांगते. पॅरिसमध्ये स्वस्त पडलं म्हणून एका जुन्या इमारतीतली खोली घेतली. चौथा मजला. लिफ्ट आहे की नाही हे मी विचारलंच नव्हतं. गोल, अरुंद लाकडी जिना, आणि सासऱ्यांची बॅग २३ किलोंची. माझा नवरा एकेक बॅग डोक्यावर घेऊन चार फेऱ्या चढला. सासूबाई दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून राहिल्या, घामाघूम. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं. त्यामुळे प्रत्येक बुकिंगला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा, आणि ती दारापर्यंत येते का तेही, कारण कधी ती अर्ध्या मजल्यावर थांबते. माणशी एकच बॅग, स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढीच.

खाण्याचं: ५-५ रात्रींचे मुक्काम आहेत तिथं स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, भाजणी बिनधास्त न्या. पण युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. आणि मे महिना म्हणून हापूसची पेटी मुळीच घेऊ नका. केळं, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन सोडून ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं.

रुळांवरून

खाण्यात एक भर. रॉटरडॅमला सुरीनामी रोटीची दुकानं भरपूर आहेत. दीडशे वर्षांपूर्वी बिहार-उत्तर प्रदेशातून दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरीनामला, मजूर म्हणून नेलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांची. शाकाहारी रोटी मागितली की बटाटा आणि लांब शेंगांची भाजी मिळते. चव आपल्या ओळखीची.

रेल्वे पास: तुमच्या आराखड्यात लांबचे प्रवास सात-आठच, आणि तारखा ठरलेल्या. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्यापेक्षा सुटी तिकिटं आगाऊ काढा, स्वस्त पडतील. ईस्टरनंतर ५० व्या दिवशीचा सोमवार या बहुतेक देशांत सुट्टीचा असतो, त्या दिवशी मुक्काम हलवू नका. गाडी बदलताना मध्ये किमान ४० मिनिटं ठेवा. जर्मनीत गाड्या उशिरा येतात, आणि काकांना धावत फलाट बदलायला लागू नये.

आल्प्सच्या_पायथ्याशी

मी झुरिकजवळ राहते, माहेर नाशिक. ऱ्हाइनच्या धबधब्यासाठी जून उत्तम, बर्फ वितळून पाणी भरलेलं असतं. उंची २३ मीटरच आहे, पण रुंदी १५० मीटर. उंच म्हणून नाही, त्याच्या आवाजासाठी जा. लाउफेनच्या किल्ल्याकडून खाली उतरायला पायऱ्या आहेत, पण लिफ्टही आहे. त्याच बाजूनं जा.

लाउटरब्रुनेन तुम्हाला पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखं वाटेल. 'यू' आकाराची दरी, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि वरच्या लोंबत्या दरीतून (कड्यावरच संपणारी उपदरी) थेट खाली येणारा श्टाउबबाख, जवळजवळ ३०० मीटर. वाऱ्यानं पाणी मध्येच उडून जातं, तळाशी नुसते तुषार पोचतात. ट्र्युमेलबाख डोंगराच्या आतला, तिथं लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या. काकांनी लिफ्टपर्यंतच जावं.

युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरपर्यंत रेल्वे जाते, १९१२ पासून. वर 'आलेच' (Aletsch) नावाची हिमनदी समोर असते, आल्प्समधली सगळ्यात लांब, सुमारे २० किलोमीटर. मधून जाणारे काळे पट्टे म्हणजे मधले हिमोढ (हिमनदीनं वाहून आणलेले दगडगोटे), तुम्हाला सांगायला नकोच. तिकीट महाग आहे, म्हणून आधी महिनाभर चालणारं स्विस हाफ फेअर कार्ड घ्या, या रेल्वेलाही निम्मा दर लागतो. दिवस आधी ठरवू नका. ५ रात्री आहेत, रोज सकाळी वरचा कॅमेरा मोबाइलवर बघा आणि आकाश मोकळं असेल त्याच दिवशी जा. वर गेल्यावर अर्धा तास नुसतं बसा. हवा विरळ असते, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

एक सुचवते. नदीच्या काठानं एवढं येताय, तर झुरिकला आणखी एक रात्र ठेवा आणि ओबरआल्प खिंडीपर्यंत रेल्वेनं जा. ऱ्हाइनचा उगम मानतात ते टोमा सरोवर तिथून चालत जायच्या वाटेवर आहे. जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फ असू शकतो, म्हणून सरोवरापर्यंत जाता येईल असं धरू नका. पण खिंडीत उभं राहून पाणी कुठल्या अंगाला उतरतं ते दिसेल.

भूगोलबाई_सातारा

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री अ‍ॅटलास काढला. शाळेतलाच, कडा चिकटपट्टीनं जोडलेला. हूक ऑफ हॉलंडपासून बोट ठेवून वर गेले: रॉटरडॅम, कोलोन, कोब्लेंझ, स्ट्रासबुर्ग, धबधबा. १,२३० किलोमीटर मी कितीदा फळ्यावर लिहिलंय, पण या वाटेनं आपण जाऊ शकतो हे कधी डोक्यात आलंच नाही. महाबळेश्वरला कृष्णा बघायला दर वर्षी सातवीला घेऊन जायचे, माहुलीला आल्यावर म्हणायचे, "आता वेण्णा कुठून आली सांगा." कोब्लेंझला मोझेलच्या कोपऱ्यावर मी ह्यांना तेच विचारणार आहे.

व्हिएन्नाबद्दल लिहिणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, काढताना माझाही हात अडला होता. ह्यांनी मास्लांटकेरिंगचे व्हिडिओ बघायला घेतलेत, दरवाजा बंद होतो तो. रात्री साडेअकरा वाजले तरी "हे सांधे बघ, हे सांधे" चाललं होतं.

आता एकच अडलंय. ओबरआल्पसाठी झुरिकला एक रात्र वाढवायची, तर ती स्ट्रासबुर्गमधून काढू की कोब्लेंझमधून? स्ट्रासबुर्गमधून काढली तर फ्रान्सच्या ७ आणि स्वित्झर्लंडच्या ८ होतात. मग अर्जच स्वित्झर्लंडकडे जाईल ना?

माधुरी_ठाणे

हो, जाईल. आणि कोब्लेंझमधून काढलीत तर दोन्हीकडे ८-८ होतात, ते नकोच. स्ट्रासबुर्गमधूनच काढा, अर्ज स्वित्झर्लंडकडे करा. फेब्रुवारीत कागद जमले की इथं लिहा, मी एकदा नजर टाकीन.