गणपतीत तीन दिवस पुण्यात: सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. काय पाहावं, काय सोडावं?

लातूरची_लेक

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत पहिल्यांदाच पुण्याला यायचं ठरतंय. मी, यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. गेली कित्येक वर्षं त्या विसर्जनाची मिरवणूक टीव्हीवर बघतात आणि दरवर्षी म्हणतात, "एकदा डोळ्यांनी बघायचंय."

तीनच दिवस हातात आहेत. मानाचे पाच गणपती, दगडूशेठ, देखावे, शिवाय शनिवारवाडा वगैरे एवढं सगळं होईल का? कोणत्या दिवसांत यावं? यजमान गाडी आणू म्हणतात. पोरगा किल्ले आणि लढाया यांच्या मागे वेडा आहे. कृपया अनुभवाचं सांगा, नुसती यादी नको.

शुक्रवारपेठी

ताई, माझा जन्म शुक्रवार पेठेतला. बावीस वर्षं आमच्या गल्लीच्या मंडळात कार्यकर्ता होतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी दिवस ठरवा. पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच मंडळांचे देखावे पुरते उभे राहिलेले नसतात. हे मी स्वतः मोटारी आणि वायरी जोडत रात्री काढल्यात म्हणून सांगतो. त्यानंतर घरोघरी गौरी येतात आणि पुणेकर घरात अडकतात. गौरी गेल्या की सगळं शहर रस्त्यावर उतरतं आणि शेवटच्या तीन-चार रात्री पाय ठेवायला जागा नसते. तुमच्यासाठी उत्तम म्हणजे गौरी विसर्जनाच्या आदल्या दिवशी पोहोचणं. देखावे सुरू झालेले असतात आणि गर्दी अजून माणसांत असते.

गाडी आणू नका. संध्याकाळी शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात. मग गाडी लांब कुठेतरी लावून आईंना दोन किलोमीटर चालवावं लागेल. मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं आता थेट उत्सवाच्या मध्यात आहेत. दोन्हीकडे लिफ्ट आहे आणि स्वच्छतागृहही. म्हाताऱ्या माणसासोबत असताना याचं मोल किती, ते तुम्हाला सांगायला नको.

मानाचे गणपती सकाळी करा, आठ-साडेआठला. कसबा स्थानकातून बाहेर पडलात की आधी कसबा गणपती. हा पुण्याचा ग्रामदैवत, म्हणून पहिला मान त्याचा. तिथून तांबडी जोगेश्वरी, मग लक्ष्मी रस्त्यावर गुरुजी तालीम, मग तुळशीबाग. हे चार एकाच पायवाटेवर येतात. पाचवा केसरीवाडा नारायण पेठेत बाजूला आहे, तो रिक्षाने वेगळा करा. ओळीने पाचही चालून झालेच पाहिजेत असा काही नेम नाही.

गुरुजी तालमीसमोर मुलाला जरा थांबवा. हा गणपती 1887 चा, म्हणजे टिळकांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं त्याच्याही आधीचा. तालमीतल्या हिंदू आणि मुसलमान घरांनी मिळून तो बसवला. आमचे आजोबा दरवर्षी त्या चौकात हे सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला ते आठव्या-नवव्या वर्षी कळलं, तुमच्या पोरालाही कळेल. तुळशीबागेचा गणपती फायबरचा आणि भव्य आहे, मुलं मान वर करून बघत राहतात. केसरीवाड्यात टिळकांच्या वस्तूही पाहायला मिळतात. तिथला उत्सव 1894 मध्ये विंचूरकर वाड्यात सुरू झाला आणि पुढे या वाड्यात आला.

मानाच्या पाचांत नसलेले, पण चुकवू नयेत असे तीन. दगडूशेठचं दर्शन रांगेत न शिरता रस्त्यावरून होतं, आईंना रांगेत उभं करू नका. अखिल मंडईचा शारदा-गजानन. आणि भाऊ रंगारींचा, राक्षसाचा वध करणारा गणपती. इतर मूर्तींसारखा तो शांत बसलेला नाही, लढतोय. लढायांचं वेड असलेल्या मुलाला तोच सगळ्यात आवडेल.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. संध्याकाळी मोठ्या रोषणाईच्या मागे धावू नका, एकच पेठ निवडा आणि तिथले जिवंत देखावे बघा. गल्लीतलीच माणसं उभी राहतात. दिवसा कुणी बँकेत असतो, कुणी दूध घालतो, कुणी कॉलेजात जातो. आवाज आधी मुद्रित केलेला असतो आणि त्यावर अभिनय करायचा. खेळ दहा-बारा मिनिटांचा. तो संपला की रस्ता मोकळा होतो आणि पुढचे लोक येतात. मी सलग तीन वर्षं बाजीप्रभू केला. एका रात्रीत पंधरा-सोळा वेळा घोडखिंडीत पडायचो. तोफांचे आवाज आले की शेवटी हात वर करून कोसळायचं, की पडदा. एकदा सगळ्यात पुढे बसलेल्या आजी पडदा पडल्यावरही उठेनात. मी दाढी काढत मागून आलो तर त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरलो, तर म्हणाल्या, "तुझ्या नाही रे, त्यांच्या." त्या रात्रीनंतर मी एकही प्रयोग उरकून टाकला नाही.

म्हणून सांगतो, एका ठिकाणी तरी खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. मुलाला पुढे बसवा, कार्यकर्ते लहान मुलांना पुढे घेतात. आणि खेळ संपला की टाळ्या वाजवा. मागे उभ्या असलेल्या पोरांना त्या ऐकू जातात.

एक काळजीची गोष्ट. माझी मुलगी सहा वर्षांची असताना बेलबाग चौकात हातातून सुटली. पाऊण तास सापडली नाही. शेवटी एका मंडळाच्या मांडवातून तिचं नाव पुकारलं गेलं. तिला स्वतःचं नाव सांगता आलं, माझा नंबर सांगता आला नाही. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक पोराच्या खिशात गणपतीत चिठ्ठी असते. तुम्हीही नाव आणि नंबर लिहून द्या. आईंच्या पर्समध्येही ठेवा.

मंडईजवळची_मावशी

वरच्या दादांनी सगळं नेमकं सांगितलंय, मी फक्त दुपारचं सांगते. बारा ते चार उन्हात आणि गर्दीत फिरू नका. तो वेळ राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. एकाच माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू: दिवे, अडकित्ते, पेट्या, वाद्यं, दारांच्या चौकटी, मस्तानी महाल. तुमच्या सासूबाई अडकित्त्यांपाशी तासभर रमतील. माझी आई रमली होती. प्रत्येक अडकित्ता बघून "असा आमच्याकडे होता" म्हणायची.

शनिवारवाडा मुलासाठी जरूर करा, पण आत जाण्याआधी त्याला सांगा की वाडा आता नाही. 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं. उरलाय तो तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. नाहीतर मुलं हिरमुसतात. दिल्ली दरवाज्याचे खिळे बघायला लावा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते तसे टोकदार आहेत. पर्वती मात्र सोडा. शंभराच्या वर पायऱ्या आहेत, सासूबाईंचे गुडघे पुढचे दोन दिवस बोलतील. त्याऐवजी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पाहा. अख्ख्या खडकात कोरलेलं, आठव्या शतकातलं, आणि आत गारवा.

वेळ उरला तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपतीही बघा. गणपतीला तीन सोंडा आहेत आणि तो मोरावर बसलाय. बाहेरच्या भिंतीवर गोरे शिपाई गेंड्याला साखळदंड बांधताना कोरलेत. पेशवाईच्या काळात कुणाला हे कोरावंसं वाटलं असेल, याचा मी अजून विचार करते. उत्सवातही तिथे पेठांच्या मानाने शांतता असते.

रात्रपाळीवाला

थोडा वेगळा सूर लावतो. ज्या बाईंनी इतकी वर्षं टीव्हीवर मिरवणूक पाहिली, त्यांना मिरवणूक न दाखवताच परत पाठवायचं? देखावे दरवर्षी बदलतात, अनंत चतुर्दशी एकच. माझं मत, विसर्जनालाच या.

फक्त रीत सांभाळा. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी मिरवणूक निघते. कसबा गणपती पुढे, पालखीत. पाच मानाच्या गणपतींच्या वेळी पारंपरिक पथकं असतात, ढोल-ताशा, ध्वज, लक्ष्मी रस्त्यावर मोठमोठ्या रांगोळ्या. हा सकाळ-दुपारचा भाग वयस्कर माणसांसाठी. दगडूशेठ पूर्वी पहाटे निघायचा, 2023 पासून दुपारी चारच्या सुमाराला मिरवणुकीत येतो, म्हणजे त्याचं दर्शनही उजेडीच होतं. अंधार पडल्यावर स्पीकरच्या भिंती सुरू होतात, त्याआधी आईंना घेऊन निघा. अख्खी मिरवणूक संपायला चोवीस तासांहून जास्त लागतात, ती पूर्ण बघायची जिद्द धरू नका.

मुलाच्या कानात कापूस घाला. पन्नास ढोल एका वेळी वाजले की छातीत कळ उठल्यासारखं होतं. मोठ्यांना ते सुखाचं वाटतं, लहानांना भीती वाटू शकते. परतीला मेट्रो धरा. 2025 ला विसर्जनाच्या रात्री ती रात्रभर चालू होती.

शुक्रवारपेठी

रात्रपाळीवाले, तुमचं म्हणणं पटलं. मी आईंच्या गुडघ्यांचा विचार केला, त्यांच्या इच्छेचा केला नाही. माझी आई शेवटच्या वर्षी अंथरुणावर होती आणि खिडकी उघडी ठेवायला सांगायची, नुसते ताशे ऐकायला. मग असं करा ताई: अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी या. पहिल्या सकाळी मानाचे चार गणपती, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी सात वाजता, गर्दी भरायच्या आत, एकच जिवंत देखावा. दुसऱ्या दिवशी केसरीवाडा, पाताळेश्वर, मुलाला शनिवारवाडा. संध्याकाळी आईंना खोलीवर विश्रांती, तुम्ही दोघं मुलाला घेऊन रोषणाई बघून या. तिसऱ्या दिवशी मिरवणूक.

मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर सकाळी नऊच्या आत जागा धरा, सावलीच्या बाजूला. घडीची छोटी खुर्ची आणा. आईंना त्या खुर्चीवर बसवा आणि तिथून हलू नका. सगळे गणपती त्यांच्यासमोरूनच जातील.

लातूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. आजींनी पायाला हात लावला तिथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. ठरलं, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी येतोय, गाडी घरीच. यजमान घडीची खुर्ची आणायला गेलेत.

एकच विचारते. दादा, तुमच्या मंडळाचा जिवंत देखावा अजून असतो का? पोराला बाजीप्रभूच बघायचाय.

शुक्रवारपेठी

असतो ताई. यंदाचा विषय अजून ठरलेला नाही, पुढच्या रविवारी बैठक आहे. बाजीप्रभू परत घ्या असं मी तिथे मांडतो. उभं राहायला आता माझा पुतण्या आहे, चोवीस वर्षांचा, आवाज माझाच जुना मुद्रित केलेला आहे. ठरलं की इथेच लिहितो.