मदत हवी आहे: काळ्या मातीवरचा उतार (रॅम्प) जोत्यापासून सुटू नये म्हणून काय करावं?

परभणीकडच्या एका गावात जुन्या समाजमंदिरात आजी-आजोबा आणि पोरं दोघांसाठी आरोग्य-विरंगुळा केंद्र करायचंय. जोतं ४५ सेंमी, म्हणजे १:१२ नं ५.४ मीटर उतार, रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. अडचण काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् उतार सुटून उंबऱ्याशी बोटभर फट पडते. चाकाची खुर्ची नेमकी तिथंच अडते!

माती ६० सेंमी काढून मुरूम थराथरानं पाणी मारून दाबायचा, उतार जोत्याला न जोडता सांधा मोकळा ठेवायचा, असं ठरतंय. पण सांध्यावर काय बसवावं? लोखंडी पट्टीनं मे महिन्यात अनवाणी पाय भाजतील. आणि शहाबादी फरशी ओली झाली की घसरते. छिन्नीनं टाकी मारून खरखरीत केलेली टिकते का? जाणकारांनी मापांसह सांगावं.