चार रिमोटांच्या जागी एकच हवाय, आईबाबांसाठी कुठला घेऊ? आणि प्रोग्राम कसा करायचा?

कंदी_पेढा:
नमस्कार मंडळी, साताऱ्याला आईबाबांकडे हॉलमध्ये सोनीचा जुना ब्राविया आहे (स्मार्ट नाही), त्याला टाटा प्लेचा एचडी बॉक्स, भाच्यांसाठी फायर स्टिक आणि यामाहाचा एव्ही रिसिव्हर (सगळ्यांचा आवाज मोठ्या स्पीकरवर देणारं यंत्र). म्हणजे टीपॉयवर चार रिमोट. बाबा ७६ वर्षांचे, त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, आईचा हात सारखा सोर्सच्या बटणावर पडतो आणि मग स्क्रीनवर नो सिग्नल, की लगेच मला पुण्याला फोन. मी व्हिडिओ कॉलवर बटणं सांगत बसतो पण दोघांना फार अपराधी वाटतं हो, परवा तर आई म्हणाली जाऊदे आम्ही रेडिओच लावतो. मला ते नकोय. बाजारातून एक साधा युनिव्हर्सल रिमोट आणला, कोड टाकल्यावर टीव्हीची पॉवर आणि व्हॉल्यूम चालतं पण सोर्स, मेनू काहीच नाही, आणि फायर स्टिक तर अजिबात दाद देत नाही. बजेट दोन-तीन हजार. काय करू?

तारजोड:
आधी रिमोट विकत घ्यायचं बाजूला ठेवा आणि कुठलं यंत्र कशावर चालतं ते बघा. मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा, पुढच्या एलईडीत जांभळट उजेड लुकलुकला तर तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने चालणारा. (काही फोनचा मागचा कॅमेरा इन्फ्रारेड गाळून टाकतो, मग सेल्फी कॅमेऱ्याने बघा.) तुमचे टीव्ही, बॉक्स, रिसिव्हर तिन्ही इन्फ्रारेडवाले असणार. फायर स्टिक मात्र ब्लूटूथवर चालते, तिला इन्फ्रारेडचा डोळाच नाहीये, त्यामुळे साधा युनिव्हर्सल रिमोट कितीही कोड टाकले तरी तिला हलवू शकत नाही. तिच्या रिमोटवरचं व्हॉल्यूम आणि पॉवर तेवढं इन्फ्रारेडने टीव्हीला जातं.

अर्धवट चालण्याचं कारण असं की स्वस्त रिमोटमध्ये एका कंपनीचे अनेक कोड असतात आणि प्रत्येकात सगळी बटणं भरलेली नसतात. पॉवर चालली की लोक थांबतात. तुम्ही थांबू नका, यादीतला पुढचा कोड टाका, त्यात मेनूपण चालेल कदाचित. पण खरं सांगू का, कोडवाला सोडा, लर्निंग रिमोट घ्या, म्हणजे ओरिजिनल रिमोटकडून एकेक बटण शिकणारा. मोठ्या बटणांचे मिळतात, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत जाऊन हातात धरून बघा, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. बाबांसाठी बटणं कमी आणि ठळक हवीत, बाकी सगळं दुय्यम.

ठाणेकर_७७:
लॉजिटेकचा हार्मनी रिमोट बघा ना सेकंडहँड, एका बटणात सगळं चालू होतं, त्याला तोड नाही.

तारजोड:
हार्मनी उत्तमच होता, पण कंपनीने २०२१ मध्ये बनवणं बंद केलं आणि त्याचं प्रोग्रामिंग कंपनीच्या ऑनलाइन खात्यावर अवलंबून आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरात असं परावलंबी यंत्र मी तरी नाही लावणार. सोफाबॅटन नावाचा रिमोट आहे, त्यात ब्लूटूथही आहे, पण छोटा स्क्रीन आणि फिरवायचं चाक, ७६ व्या वर्षी ते कशाला.

सोल्डरवाली:
मी रिमोट दुरुस्त करते, शिकवण्याबद्दल सांगते. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल टाका, टेबलावर तोंडाला तोंड लावून दोन-तीन बोटं अंतर ठेवा, उन्हात किंवा ट्यूबलाइटच्या थेट खाली नको. बहुतेकांत सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत धरायचं, मग जे बटण शिकवायचंय ते दाबायचं, मग ओरिजिनलवरचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की शिकला. ओरिजिनल बटण धरून ठेवू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा. सोनी तोच संदेश निदान तीनदा पाठवतो आणि त्याची कॅरियर (इन्फ्रारेड उजेडाच्या लुकलुकण्याचा वेग) ४० किलोहर्ट्झची, बाकी बरेचसे ३८ वर, म्हणून सोनी शिकवताना काही स्वस्त रिमोट अडखळतात. तसं झालं तर अंतर थोडं कमीजास्त करून बघा.

आणखी एक, यावरून खूप लोक रिमोट परत आणतात. शिकवलेलं बटण पहिल्यांदा चालतं, लगेच पुन्हा दाबलं तर चालत नाही, मध्ये दुसरं बटण दाबलं की परत चालतं. रिमोट खराब नसतो. फिलिप्सच्या आरसी-५ या संदेश पाठवायच्या पद्धतीत दर दाबण्याला एक बिट (० किंवा १ चा अंक) उलटतं, त्यावरून समोरच्याला कळतं की बटण नव्याने दाबलंय की धरून ठेवलंय. शिकलेल्या रिमोटकडे त्या बिटची एकच बाजू साठलेली असते, त्यामुळे यंत्राला वाटतं अजून तेच बटण धरलंय. असं झालं तर त्या यंत्रापुरता आधीपासून कोड भरलेला रिमोट वापरा, तो बिट नीट उलटवतो.

कंदी_पेढा:
दोघांचे मनापासून आभार. लर्निंग रिमोट आणला, बॉक्सचे चॅनल आणि रिसिव्हरचं व्हॉल्यूम शिकवलं, मस्त चालतंय. याच्यात एका बटणावर ओळीने तीन कोड ठेवता येतात म्हणून तिन्ही पॉवर एकत्र लावल्या. आता प्रॉब्लेम असा की आईने आधी नुसता टीव्ही बंद केला असेल तर ते बटण दाबल्यावर टीव्ही चालू होतो आणि रिसिव्हर बंद पडतो. आणि सोर्सचं दुखणं तसंच.

तारजोड:
पॉवरचं बटण एकच, तेच चालू करतं आणि तेच बंद, त्यामुळे रिमोटला कळतच नाही समोर काय अवस्था आहे. उपाय म्हणजे ऑन आणि ऑफचे वेगवेगळे कोड. ते टीव्हीच्या रिमोटवर नसतात पण टीव्हीला समजतात. सोनीत नेहमीच्या पॉवरचा कमांड २१, नुसत्या ऑनचा ४६ आणि ऑफचा ४७. आयआर ब्लास्टरवाला (म्हणजे रिमोटसारखा इन्फ्रारेड सोडणारा) फोन असेल तर ज्या ॲपमध्ये कोड हाताने टाकता येतो त्यातून ते सोडायचे आणि लर्निंग रिमोटला शिकवायचे.

पण त्याच्याही आधी सोर्सचं मुळातून संपवा. बॉक्स आणि फायर स्टिक दोन्ही रिसिव्हरला लावा आणि रिसिव्हरमधून एकच एचडीएमआय वायर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टला (त्यातून टीव्हीचा आवाज त्याच वायरने रिसिव्हरकडे परत जातो). टीव्हीचा सोर्स मग कायम तोच राहतो, नव्या रिमोटवर ते बटण शिकवूच नका, आईचा हात पडला तरी काही होणार नाही. रिसिव्हरच्या रिमोटवर एचडीएमआय १, २ अशी थेट बटणं असतात, त्यातलं बॉक्सचं एका रंगीत बटणाला शिकवा, कुठेही अडकलं तर तेच दाबायचं. टीव्ही, रिसिव्हर आणि फायर स्टिक तिघांतही एचडीएमआय सीईसी (त्याच वायरवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करा, सोनी त्याला ब्राविया सिंक म्हणतो. भाच्यांनी फायर स्टिकचं होम दाबलं की रिसिव्हर आपोआप तिच्यावर जाईल. टीव्हीत आवाजासाठी ऑडिओ सिस्टिम निवडा, म्हणजे टीव्हीबरोबर रिसिव्हर जागा होतो आणि झोपतो, त्याची पॉवर वेगळी शिकवायची गरजच उरत नाही. डीटीएच बॉक्सकडून मात्र सीईसीची अपेक्षा नको, त्याची पॉवर वेगळ्या बटणावर ठेवा.

निशिगंध:
मध्येच विचारते, याच रिमोटला एसी शिकवता येईल का?

सोल्डरवाली:
ताई, एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंखा सगळं एकत्र पाठवतो. म्हणजे २४ वर असताना तुम्ही जे बटण शिकवाल ते कायम २४ च पाठवणार, तापमान वाढवायचं बटण म्हणून ते चालणार नाही. शिवाय तो संदेश टीव्हीपेक्षा बराच लांब असतो, स्वस्त लर्निंग रिमोटच्या मेमरीत पूर्ण मावतही नाही. मावला तर दोनच बटणं शिकवा, एक २६ कूल मंद पंखा आणि एक बंद. रात्री तेवढं पुरतं. बाकीसाठी एसीचा वेगळा युनिव्हर्सल रिमोट मिळतो तो घ्या, घेताना इनडोअर युनिटवरच्या मॉडेल नंबरचा फोटो दुकानात दाखवा.