मदत हवी आहे: शवविच्छेदनापूर्वीच्या सीटी स्कॅनमधून गोळीविषयी किती सांगता येते?

नमस्कार. मी न्यायवैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असून, गोळी लागून झालेल्या मृत्यूंमध्ये शवविच्छेदनापूर्वी केलेल्या सीटी स्कॅनचा उपयोग हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'व्हर्टॉप्सी'चे, म्हणजे चिरफाड न करता स्कॅनद्वारे केलेल्या शवतपासणीचे, काम सुरू झाले आणि दिल्लीच्या एम्समध्येही २०२१पासून अशी तपासणी होते, हे अनेकांना ठाऊक असेलच.

कवटीच्या बाबतीत मला फारशी अडचण नाही. गोळी शिरताना भोक हाडाच्या आतल्या बाजूला रुंदावते, बाहेर पडताना बाहेरच्या बाजूला, आणि ते स्कॅनमध्ये सहसा स्पष्ट दिसते. खरा अडसर धातूचा आहे. नेहमीच्या मांडणीत हाउन्सफील्ड मापन (सीटीमध्ये पदार्थ क्ष-किरण किती अडवतो याचे माप) ३०७१पाशी थांबत असल्यामुळे शिसे आणि तांबे सारखेच पांढरे दिसतात. शिवाय गोळीभोवती उमटणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेषांमुळे तिच्या कडा नीट मोजता येत नाहीत. साध्या एक्स-रेवर तर गोळी फिल्मपासून जितकी दूर, तितकी मोठी दिसते, म्हणून त्यावरून कॅलिबर (गोळीचा व्यास) ठरवणे मला धोक्याचे वाटते. अशा चुकीची किंमत एखादा निरपराध माणूस मोजू शकतो.

विस्तारित मापन (३०७१च्या पुढे जाणारे) किंवा दुहेरी ऊर्जेचे सीटी (दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी केलेले) वापरून शिशाची आणि पोलादी गाभ्याची गोळी वेगळी ओळखण्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का? मोजमाप करताना विंडो (पडद्यावर दाखवायच्या हाउन्सफील्ड मूल्यांची कक्षा) किती ठेवता? आणि शरीरातून काढलेल्या गोळीशी ते मोजमाप ताडून पाहिले असल्यास किती फरक आढळला, हेही कृपया कळवावे.